शेरा आणि आत्मप्रतिमा : विद्यार्थ्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासातील एक प्रश्न

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी मराठी शाळेने एकाक्षरी शब्द योजिला आहे : 'ढ'. त्याच्या उत्पत्तीविषयी एक कथा शिक्षकवर्गात नेहमी सांगितली जाते. ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. 'ढ' मात्र अशोकाच्या लेखांत जसा होता जवळजवळ तसाच देवनागरीत उतरला. म्हणून कितीही वर्षे वर्गात बसून ज्याच्यात फरक पडत नाही तो विद्यार्थी 'ढ'. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. अक्षराच्या आकारापुरते विधान खरे आहे. पण व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली, तिच्यात शाळेची एक जुनी समजूत गोठून राहिली आहे. ती अशी की, विद्यार्थ्याचा दर्जा हा त्याचा स्वभाव आहे आणि तो पालटत नाही.

शिक्षकाने दिलेल्या अशा नावाचा मुलावर काय परिणाम होतो, ह्याविषयी सर्वसाधारण कल्पना पुढीलप्रमाणे असते. शिक्षक मुलाला मठ्ठ म्हणतो. मूल ते खरे मानते. त्याचा आत्मसन्मान खालावतो. आणि मग ते खरोखरच मागे पडते. ही साखळी इतकी स्वाभाविक वाटते की तिची एकेक कडी तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः गेल्या सव्वाशे वर्षांत ती तपासली गेली आहे. जेथे ती सर्वांत बळकट असेल असे वाटत होते, म्हणजे मुलाच्या स्वतःविषयीच्या मतात, तेथेच ती अनेकदा कच्ची ठरली. उलट जेथे फारसे कोणी पाहत नव्हते, म्हणजे बाकांच्या मांडणीत, तुकड्यांच्या रचनेत आणि शिक्षकाच्या वेळेच्या वाटणीत, तेथे ती पक्की निघाली. हे कसे उघड होत गेले ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभ पॅरिसपासून करणे प्राप्त आहे. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. तोपर्यंत ज्या मुलांना शाळा झेपत नसे ती शाळेबाहेर पडत आणि प्रश्न तेथेच मिटे. सक्ती आल्यावर ती वर्गात राहू लागली, आणि त्यांचे काय करावयाचे हा शासनापुढील प्रश्न झाला. १९०४ साली शिक्षणमंत्रालयाने ह्यासाठी एक आयोग नेमला. आल्फ्रेड बिने हे त्याचे सदस्य होते. सामान्य वर्गाचा लाभ घेऊ न शकणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग काढावेत ह्यावर फारसा मतभेद नव्हता. त्या वर्गांत कोणाला घालावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हा खरा पेच होता.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निवड शिक्षकावर सोपविणे. बिने ह्यांचा आक्षेप नेमका ह्याच मार्गाला होता. वर्गात उपद्रव देणारे मूल दुसरीकडे गेले तर शिक्षकाला हवेच असते. तेव्हा त्याच्या शेऱ्यात मुलाची बुद्धी किती आणि शिक्षकाची सोय किती हे वेगळे काढता येत नाही. वैद्यांचीही स्थिती त्यांना बरी दिसली नाही. एकाच मुलाविषयी निरनिराळ्या वैद्यांनी दिलेल्या दाखल्यांत एकवाक्यता नव्हती, आणि वापरलेल्या संज्ञांना निश्चित अर्थ नव्हता. ह्यावर उपाय म्हणून त्यांनी तेओदोर सीमाँ ह्यांच्या साहाय्याने १९०५ साली तीस कसोट्यांची एक चढती श्रेणी प्रसिद्ध केली. १९०८ मध्ये ती वयानुसार मांडली गेली व १९११ मध्ये पुन्हा सुधारली गेली. बुद्धिमापनाच्या इतिहासात हा प्रसंग शास्त्राचा विजय म्हणून सांगितला जातो. त्याचे दुसरे अंग सहसा नजरेआड होते. शिक्षकाच्या शेऱ्यापासून मुलाला वाचविण्यासाठी ही चाचणी जन्मास आली होती.

बिने ह्यांना ह्या गोष्टीचे महत्त्व अनुभवाने ठाऊक होते. मुलांविषयीच्या आधुनिक कल्पनांवर १९०९ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी स्वतःची एक आठवण दिली आहे. पदवीपूर्व परीक्षेच्या वेळी त्यांच्या एका चुकीच्या उत्तराने संतापून परीक्षकाने सांगितले की ह्या विद्यार्थ्याच्या ठिकाणी तत्त्वज्ञानाची वृत्ती कधीच येणार नाही. त्या 'कधीच' ह्या शब्दाचा भार बिने ह्यांना तीसेक वर्षांनंतरही जाणवत होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी राशी आहे हे मत त्यांनी त्याच ग्रंथात क्रूर निराशावाद म्हणून धिक्कारले. वेगळ्या वर्गांतील मुलांसाठी त्यांनी 'मानसिक अस्थिसुधार' ह्या नावाने व्यायाम सुचविले : पुतळ्याप्रमाणे निश्चल राहणे, लक्ष एकाग्र करणे, पाहिलेले आठवणे. अभ्यासाच्या आधी अभ्यास करावयास शिकावे, असा त्यांचा क्रम होता. मापन हे ह्या उपचाराची पहिली पायरी होते. १९११ साली, चौपन्न वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चाचणी अटलांटिकपलीकडे गेली आणि तिचा हेतू वाटेतच राहिला. न्यू जर्सीमधील व्हाइनलंड येथील संस्थेत हेन्री गोडार्ड ह्यांनी तिचा उपयोग मंदबुद्धींची प्रतवारी लावण्यासाठी केला, आणि आठ ते बारा वर्षांच्या मानसिक वयाच्या प्रौढांसाठी १९१० साली मूर्ख ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'मोरॉन' ही नवी संज्ञा बनविली. शास्त्रीय संज्ञा म्हणून जन्मलेला हा शब्द पुढे शिवी म्हणून रूढ झाला. विल्यम स्टर्न ह्यांनी १९१२ मध्ये मानसिक वय व प्रत्यक्ष वय ह्यांचे गुणोत्तर सुचविले. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन ह्यांनी १९१६ च्या आवृत्तीत त्याला बुद्धिगुणांकाचे स्थिर रूप दिले. १९२० नंतरच्या दशकात टर्मन सर्व शाळांतून मुलांचे पाच प्रवाह पाडावेत असे प्रतिपादू लागले होते. शिक्षकाचे मत निदान बदलू शकत असे. आता त्या मताच्या जागी एक अंक आला, आणि अंकाशी वाद घालणे मुलाच्या पालकांना शक्य नव्हते.

इंग्लंडमध्ये हे वर्गीकरण राष्ट्रीय व्यवस्थेचा भाग झाले. हॅडो समितीच्या १९३१ च्या अहवालाने मोठ्या प्राथमिक शाळांत क्षमतेनुसार तुकड्या पाडणे इष्ट मानले. १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर बहुतेक स्थानिक अधिकाऱ्यांनी अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांना ग्रामर शाळा व 'मॉडर्न' शाळा ह्यांत वाटून देण्याची पद्धत चालविली. बहुसंख्य मुले अर्थात दुसऱ्या प्रकारात जात. सिरिल बर्ट ह्यांच्या आनुवंशिकतेविषयीच्या लेखनाने ह्या व्यवस्थेला शास्त्राचा आधार दिला होता. (बर्ट ह्यांच्या जुळ्या भावंडांविषयीच्या आकडेवारीवर १९७० नंतरच्या दशकात इतका गंभीर संशय घेतला गेला की ती आज पुरावा म्हणून वापरता येत नाही.) मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेणाऱ्या जे. डब्ल्यू. बी. डग्लस ह्यांनी १९६४ साली जे दाखविले ते अधिक विचारात टाकणारे होते. आठव्या वर्षी ज्यांची मोजलेली बुद्धी सारखीच होती अशा मुलांपैकी वरच्या तुकडीत गेलेली अकराव्या वर्षापर्यंत पुढे सरकली आणि खालच्या तुकडीत गेलेली मागे पडली. शिवाय वरच्या तुकडीत कोण जाई? नीटनेटक्या कपड्यांची, चांगल्या घरातील मुले त्यांच्या बुद्धीच्या मानाने अधिक प्रमाणात तेथे आढळली. म्हणजे ज्या शिक्षकी दृष्टीला बिने ह्यांनी दाराबाहेर ठेवावयाचे ठरविले होते, ती तुकडी पाडण्याच्या क्षणी मागच्या दाराने आत आलेली होती.

ह्या सर्व अभ्यासांत एक अडचण शिल्लक होती. शिक्षकाचा शेरा वाईट आणि मुलाची प्रगती वाईट, एवढे दिसल्याने शेऱ्यामुळे प्रगती खुंटली असे सिद्ध होत नाही. शेरा केवळ अचूकही असू शकेल. ही गाठ सोडविण्यासाठी खोटा शेरा देऊन पाहणे आवश्यक होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन ह्यांनी १९४८ साली 'स्वतःच स्वतःला खरे ठरविणारे भाकीत' ही कल्पना मांडली होती, पण ती वर्गात आणून तपासण्याचे काम रॉबर्ट रोझेंथल ह्यांनी केले, आणि त्यांची सुरुवात उंदरांपासून झाली. विद्यार्थी-प्रयोगकर्त्यांना सर्वसामान्य उंदीर देऊन काहींना ते हुशार वंशाचे व काहींना मंद वंशाचे असल्याचे सांगितले. 'हुशार' उंदीर चक्रव्यूहातून खरोखरच चांगले धावले. ह्यासंबंधीचा १९६३ चा लेख वाचून दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन ह्यांनी रोझेंथल ह्यांना पत्र लिहिले, आणि त्यातून शाळेतील प्रयोग ठरला. ग्रंथात त्या शाळेला 'ओक स्कूल' असे नाव दिलेले आहे.

१९६४ च्या वसंतऋतूत तेथील मुलांना एक सामान्य बुद्धिचाचणी देण्यात आली. शिक्षकांना मात्र सांगितले गेले की ही हार्वर्डची नवी चाचणी असून येत्या वर्षात ज्यांच्या बुद्धीला एकाएकी बहर येणार आहे अशी मुले ती ओळखते. नंतर सहा इयत्तांच्या अठरा वर्गांतील सुमारे पाचवा हिस्सा मुलांची नावे शिक्षकांना कळविण्यात आली. ती नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेली होती. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी झाली. सर्व शाळेत सामान्य मुलांचा गुणांक सरासरी ८.४ ने व 'बहरणाऱ्या' मुलांचा १२.२ ने वाढला होता. पहिल्या इयत्तेत हा फरक मोठा होता : १२.० विरुद्ध २७.४, दुसऱ्या इयत्तेत ७.० विरुद्ध १६.५. वरच्या चार इयत्तांत तो जवळजवळ दिसेनासा झाला. १९६८ साली 'पिग्मेलियन इन द क्लासरूम' हा ग्रंथ निघाला आणि वृत्तपत्रांनी तो डोक्यावर घेतला.

विद्वानांनी तो तितकासा घेतला नाही. रॉबर्ट थॉर्नडाइक ह्यांनी त्याच वर्षी दाखविले की इतक्या लहान मुलांसाठी ती चाचणी योग्य नव्हती आणि काही वर्गांचे गुणांक विश्वास बसू नये इतके खाली होते. पुढे स्टीफन रॉडेनबुश ह्यांनी १९८४ साली अठरा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून एक साधा नियम शोधून काढला. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असेल तर बाहेरून दिलेल्या खोट्या शेऱ्याचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. ली जसिम व केंट हार्बर ह्यांच्या २००५ च्या विस्तृत परीक्षणाचा निष्कर्षही ह्याच दिशेचा आहे. अपेक्षांचा परिणाम असतो, पण सहसा लहान असतो. शिक्षकांचे अंदाज बहुतांशी बरोबर असतात. आणि आधीच हीन लेखल्या गेलेल्या गटांतील मुलांच्या बाबतीत मात्र परिणाम मोठा असू शकतो. ओक स्कूलचे आकडे आज ज्या विश्वासाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत उद्धृत होतात, तेवढा विश्वास त्यांनी कमावलेला नाही.

तथापि त्या ग्रंथात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांकडे वादाच्या धुरळ्यात दुर्लक्ष झाले. पहिली अशी की, वर्षअखेरीस शिक्षकांना ती नावे विचारली असता त्यांना ती धड आठवली नाहीत. अनेकांनी यादीवर केवळ ओझरती नजर टाकली होती. अर्थात जो काही परिणाम झाला तो जाणूनबुजून उच्चारलेल्या शब्दांतून झालेला नव्हता. मुलांना तर आपल्यावर कोणते नाव लागले आहे ह्याची वार्ताही नव्हती. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. यादीत नसलेल्या आणि मंद तुकडीत बसणाऱ्या मुलांपैकी ज्यांचा गुणांक वाढला, त्यांच्याविषयी शिक्षकांचे मत सुधारले नाही, उलट कलुषित झाले. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याने पुढे जाणे हे वर्गाच्या व्यवस्थेला खुपते, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. गुणांकाच्या वादापेक्षा ह्या निरीक्षणाचे मोल कदाचित अधिक आहे.

मुलाला न सांगितलेला शेरा मुलापर्यंत पोहोचतो कसा? ह्याचे उत्तर आकड्यांतून मिळणारे नव्हते. त्यासाठी कोणीतरी वर्गात मागे बसून राहणे आवश्यक होते. रे रिस्ट ह्यांनी अमेरिकेतील सेंट लुइस शहरातील एका शाळेत ते केले आणि १९७० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शाळेतील सर्व मुले कृष्णवर्णीय होती, शिक्षिकाही कृष्णवर्णीय होती. तेव्हा वंशद्वेषाचे सोपे स्पष्टीकरण येथे लागू पडत नव्हते. बालवर्गात तीस मुले होती. शाळा सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी शिक्षिकेने त्यांच्या कायम जागा ठरविल्या : पहिले मेज, दुसरे मेज, तिसरे मेज. तोपर्यंत बुद्धीची कोणतीही चाचणी झालेली नव्हती. शिक्षिकेजवळ असलेली माहिती म्हणजे प्रवेशपत्रिका, आईशी झालेले बोलणे, कोणाचे कुटुंब सरकारी मदतीवर आहे ह्याची यादी, आणि मोठ्या भावंडांचा पूर्वानुभव. पहिल्या मेजावर स्वच्छ, चांगल्या कपड्यांतील, शिष्ट बोली बोलणारी मुले बसली. ते मेज शिक्षिकेला व फळ्याला सर्वांत जवळ होते.

ह्यापुढील घटना रिस्ट ह्यांनी ज्या बारकाईने नोंदविल्या आहेत तो ह्या विषयाच्या साहित्यातील एक अत्यंत मौलिक भाग होय. शिक्षिका फळ्यापाशी उभी राहून पहिल्या मेजाशी बोले. वर्गातील मानाची लहानसहान कामे त्याच मेजाला मिळत. दूरच्या मेजांवरील मुलांना अनेकदा ऐकूच येत नसे. मग ती आपसांत बोलत, आणि त्यावरून ती लक्ष देत नाहीत असा ठपका त्यांच्यावर येई. काही काळाने पहिल्या मेजावरील मुले इतरांना टोचून बोलू लागली, आणि इतर मुलेही तीच हिणवणी एकमेकांना करू लागली. पहिल्या इयत्तेत मेजांची नावे बदलली, माणसे नाहीत : बालवर्गातील पहिल्या मेजावरची मुले नव्या 'अ' मेजावर आली, आणि मागच्या दोन मेजांवरील एकही मूल तेथे पोहोचले नाही. दुसऱ्या इयत्तेच्या शिक्षिकेने गटांना नावे दिली होती. वरचा गट 'वाघ', मधला 'कार्डिनल' नावाचा पक्षी, आणि शेवटचा 'विदूषक'. ह्या वेळी मात्र वर्गवारी अंदाजावर नव्हती. मागील वर्षाच्या वाचनाच्या गुणांवर होती. आठव्या दिवशी कपड्यांवरून बांधलेला तर्क दोन वर्षांत गुणपत्रिकेत उतरला होता, आणि म्हणूनच तो आता अचूकही होता. शिक्षकांचे अंदाज बहुतांशी बरोबर असतात ह्या जसिम ह्यांच्या विधानापुढे रिस्ट ह्यांचा वृत्तान्त ठेवून वाचला पाहिजे. वर्ग एकच आणि वृत्तान्तही एका निरीक्षकाचा, ही त्याची मर्यादा उघड आहे. परंतु अचूकता कशी तयार होते हे एवढे स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते.

आता आत्मसन्मानाचा प्रश्न. इतर आपल्याकडे कसे पाहतात ह्याच्या आरशात मनुष्य स्वतःला पाहतो, ही चार्ल्स कूली ह्यांची १९०२ मधील उपमा ह्या क्षेत्रात गृहीतकासारखी वापरली गेली. ती अक्षरशः खरी असेल तर हीन लेखलेल्या गटातील मुलांचा आत्मसन्मान हीनच असला पाहिजे. मॉरिस रोझेनबर्ग ह्यांनी १९६५ साली किशोरवयीनांच्या आत्मसन्मानासाठी दहा विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. नंतर त्यांनी रोबर्टा सिमन्स ह्यांच्यासह बाल्टिमोर शहरातील शाळांत १९६८ साली १९१७ विद्यार्थ्यांची पाहणी केली. अपेक्षा होती त्याच्या उलट निष्कर्ष निघाला. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गौरवर्णीय मुलांहून कमी नव्हता; थोडा अधिकच होता. मूल ज्यांच्यात वावरते त्यांच्याशी स्वतःची तुलना करते. ज्यांचे मत त्याला मोलाचे वाटते त्यांचेच ते मनावर घेते. शिक्षक त्यांत असेलच असे नाही.

इंग्लंडमधील एका मॉडर्न शाळेत डेव्हिड हारग्रीव्ह्ज ह्यांनी हेच दुसऱ्या बाजूने पाहिले. त्यांच्या १९६७ च्या ग्रंथातील चौथ्या वर्षाच्या खालच्या तुकड्यांतील मुलगे मोडून गेलेले नव्हते. त्यांनी शाळेची मूल्येच उलटी केली होती : अभ्यास करणे हा तेथे कमीपणा, शिक्षकाशी पंगा घेणे हा मान. विल्यम जेम्स ह्यांनी १८९० मध्ये सांगितले होते की आत्मसन्मान म्हणजे यश भागिले आकांक्षा. अंश वाढविता येत नसेल तर छेद कमी करून भागाकार सांभाळता येतो. खालच्या तुकडीने नेमके हेच केले. आत्मसन्मान वाचला, शिक्षण गेले. आत्मसन्मानाची श्रेणी देऊन अशा मुलाची पाहणी केली तर त्याला काही इजा झालेली नाही असा अहवाल निघेल.

जोन बार्कर लन ह्यांच्या १९७० च्या पाहणीने ह्यात आणखी एक धागा गुंफला. काही इंग्रज प्राथमिक शाळांनी तुकड्या मोडल्या होत्या, पण तेथील शिक्षकांचा एक भाग मनाने तुकड्यांचाच पुरस्कर्ता होता. अशा शिक्षकांनी मिश्र वर्गाच्या आत मेजांच्या रूपाने तुकड्या पुन्हा उभ्या केल्या, आणि सामान्यांहून कमी क्षमतेच्या मुलांची वृत्ती व आत्मप्रतिमा ह्यांची स्थिती त्यांच्या वर्गांत चांगली राहिली नाही. कागदावरून काढलेली पाटी वर्गात राहिली होती. कॅलिफोर्नियात १९७९ साली न्यायाधीश रॉबर्ट पेकम ह्यांनी कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धींच्या वर्गात घालण्यासाठी बुद्धिचाचण्या वापरण्यास मनाई केली; त्या राज्यात कृष्णवर्णीय मुले सुमारे एकदशांश आणि अशा वर्गांत मात्र सुमारे एकचतुर्थांश होती. न्यायालय चाचणी थांबवू शकले. मुलाला कोणत्या बाकावर बसवावे, हे त्याच्या कक्षेबाहेरचे होते.

हा सारा परदेशी इतिहास मराठी शाळेला परका नाही. बिने ह्यांची श्रेणी कन्नड व मराठी मुलांसाठी व्ही. व्ही. कामत ह्यांनी धारवाड येथे बसविली; त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला, आणि बिने-कामत चाचणी पुढे अनेक दशके मुलांना दाखले देण्यासाठी वापरली गेली. पॅरिसमधील एका आयोगाच्या गरजेतून निघालेले साधन येणेप्रमाणे मराठीत आले. परंतु येथील शाळेत शिक्का चाचणीची वाट पाहत थांबलेला नव्हता. त्याच धारवाडात १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. मुंबई सरकारने न्याय अर्जदाराच्या बाजूस असल्याचे मान्य करूनही प्रवेश नाकारला, कारण त्या एकट्याला घेतल्याने शाळा इतरांना निरुपयोगी होईल अशी भीती होती. सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये घोषित केले. व्यवहार तत्त्वाच्या फार मागे राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी आपल्या सातारच्या शाळेविषयी लिहिलेल्या आठवणींत शिक्षकाने कोणते अपशब्द वापरले ह्यावर भर नाही. वेगळे बसण्यासाठी घरून न्यावयाचे गोणपाट, आणि शिपायाने नळ सोडला तरच मिळणारे पाणी, ह्यांवर तो आहे. मेज आणि फळा ह्यांतील अंतर मोजणारे रिस्ट ज्या निष्कर्षाला सत्तर-पाऊणशे वर्षांनी आले, त्याची सामग्री त्या आठवणींत आधीच आहे.

भारतीय शाळकरी मुलांवर ह्या प्रश्नाचा एक नेटका प्रयोग कार्ला हॉफ व प्रियंका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात केला व २००४ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहावी-सातवीतील ३२१ उच्चवर्णीय व ३२१ दलित मुलगे सहा-सहाच्या गटांत कागदावरील चक्रव्यूह सोडवीत, आणि सोडविलेल्या प्रत्येकी एक रुपया मिळे. जात उच्चारली गेली नाही तेव्हा दोहोंच्या कामगिरीत फरक आढळला नाही. नाव, गाव, वडील व आजोबा ह्यांची नावे आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. एवढ्यावर थांबले असते तर नेहमीचेच स्पष्टीकरण देता आले असते, की जात ऐकून मुलाचा आत्मविश्वास ढासळला. परंतु प्रयोगाच्या एका प्रकारात मोबदला कोणाला मिळणार हे चिठ्ठी काढून ठरविण्यात आले, म्हणजे माणसाचा हात त्यातून काढून घेण्यात आला. आणि जात जाहीर असूनही दरी नाहीशी झाली. संशोधकांच्या मते आपल्या श्रमाला न्याय्य मोल मिळणार नाही असा त्या मुलांचा अंदाज होता. तो अंदाज स्वतःच्या बुद्धीविषयी नव्हता, देणाऱ्याविषयी होता. चक्रव्यूह म्हणजे शाळा नव्हे, आणि एका दिवसाचा प्रयोग म्हणजे दहा वर्षांचे शिक्षण नव्हे, हे मान्य केले तरी हा फरक पुढील संशोधनाने विसरता कामा नये. आत्मसन्मान वाढविण्याचे जे कार्यक्रम कॅलिफोर्नियात १९८६ नंतर शासकीय पातळीवर हाती घेतले गेले, त्यांत दुखणे मुलाच्या मनात आहे असे गृहीत होते. रॉय बाउमाइस्टर व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली उपलब्ध पुरावा तपासला तेव्हा आत्मसन्मान वाढविल्याने शैक्षणिक यश वाढते असे दिसले नाही.

ह्या प्रश्नाचा मराठी शाळांपुरता इतिहास लिहावयाचा झाल्यास साधनांची एक विशेष अडचण येईल. शाळेच्या जनरल रजिस्टरात जात, वय, मागील शाळा ह्यांचे रकाने आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन शेरे असतात, आणि ते बहुधा 'समाधानकारक' व 'चांगली' एवढेच असतात; शिक्षकाने ते मुलाचे नुकसान होऊ नये ह्या सद्‌भावनेने लिहिलेले असतात. ज्याला दहा वर्षे 'ढ' म्हटले गेले त्याच्याही दाखल्यावर तेच शब्द सापडतील. तो मुलगा कोणत्या बाकावर बसत असे, 'अ' तुकडीतून 'क' तुकडीत कोणत्या वर्षी व कशावरून गेला, फळ्यावर गणित सोडविण्यासाठी त्याला वर्षातून किती वेळा उठविले गेले, ह्यांची नोंद दाखल्यात नाही. तुकड्यांचे हजेरीपट जेथे जपलेले आहेत तेथून ह्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येईल. उरलेल्या दोहोंसाठी माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा कराव्या लागतील. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही आपला बाक कितवा होता हे माणसे सहसा अचूक सांगतात.